दाखलखारीज रजिस्टरातले मालेगाव

मालेगावात साठी ओलांडलेल्या दहा माणसांना जन्मतारीख विचारली, तर त्यातले काही जण हमखास 1 जून सांगतील. उर्वरित महाराष्ट्रातही वेगळे चित्र नाही. जूनमध्ये शाळा उघडायची, बाप मुलाला घेऊन यायचा, आणि तारीख विचारली की ‘पावसाच्या तोंडी झाला’ एवढेच सांगायचा. मग गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचे. हात पोचला की पोरगे सहा वर्षांचे झाले, असा हिशेब. जनरल रजिस्टरात 1 जून आणि अंदाजाने मागे मोजलेले साल पडायचे, आणि पोरगे त्याच दिवशी वर्गात जाऊन बसायचे.

प्रवेश तेव्हा सोपा होता, त्रास व्हायचा तो पुढे: नोकरीत, निवृत्तीत, पासपोर्टच्या वेळी. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत शाळानोंदणी सुधारण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांतल्या बहुतेकांनी हा पुढचा त्रास उचलून शाळेच्या दारात आणून ठेवला, असे माझे मत आहे.

त्या रजिस्टराला एवढे वजन का, हे समजून घ्यायला फार मागे जायला नको. सप्टेंबर 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तेव्हा राज्यभर ज्या दप्तरांवरची धूळ झटकली गेली, त्यांत शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे होती. जुनी मोडी लिपी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. शंभर वर्षांपूर्वी एखाद्या मास्तराने जातीच्या रकान्यात लिहिलेला एक शब्द आज पणतूच्या आरक्षणाचा पुरावा ठरतो. ज्या वहीत जन्म, जात, धर्म आणि गाव एका ओळीत मावतात, ती नुसती शाळेची वही राहत नाही.

मालेगावात हे ओझे जरा जास्तच आहे. 1857 नंतर उत्तर भारतातून विणकर इथे येत राहिले. हातमाग गेले, यंत्रमाग आले, आणि शहर 2011 च्या जनगणनेपर्यंत पावणेपाच लाखांच्या आसपास पोचले. घरे भाड्याची. मागाचे काम पाळीचे, सुट्टी शुक्रवारची. मंदी आली की कुटुंब भिवंडीला, कधी सुरतेला, आणि पोराचा दाखला इथेच राहिलेला. त्यात एकच नाव तीन लिप्यांतून फिरते. उर्दू शाळेत ते उर्दूत, सरकारी कागदावर देवनागरीत, आधारवर इंग्रजी अक्षरांत. मोहम्मद, मोहंमद आणि नुसते ‘मो.’ ही एकाच मुलाची तीन नावे होऊन बसतात. आईचे नाव माहेरचे की सासरचे, अन्सारी पुढे की मागे, हे प्रश्न वेगळेच.

या सगळ्यावरचा सर्वांत शहाणा उपाय संगणकाने आणलेला नाही, तो कायद्याने आणला. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्यातली तीन कलमे नोंदणीच्या टेबलावर चिकटवून ठेवावीत अशी आहेत. कलम 4 सांगते, मुलाला वयानुसार वर्ग द्या. कलम 5 सांगते, आधीच्या शाळेच्या दाखल्यासाठी प्रवेश अडवू नका. कलम 14 सांगते, वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारू नका. आधी मूल, मग कागद, असा हा क्रम. तरीही जूनमध्ये आईच्या हातात झेरॉक्सची पिशवी असतेच, कारण शाळेला वरून जे विचारले जाते तेच शाळा खाली विचारते.

वरून काय विचारले जाणार, हे ऑक्टोबर 2011 मध्ये ठरले. नांदेडला जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी केलेल्या पटपडताळणीचे निकाल पाहून सरकारने 3 ते 5 ऑक्टोबरला राज्यभर तोच प्रयोग केला. महसूलचे लोक शाळाशाळांत गेले, मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लागली. पटावरची सुमारे 20 लाख मुले त्या दिवसांत वर्गात सापडली नाहीत. चौदाशेहून अधिक शाळांत निम्मीही हजेरी नव्हती. अनुदान, तांदूळ, शिक्षकांची पदे सारे पटावर चालत होते आणि पट फुगवलेला होता. ही झाडाझडती हवीच होती, त्याबद्दल दुमत नाही. पण त्या तीन दिवसांनी सरकारच्या मनात एक गोष्ट पक्की बसली: पटावरचे नाव आधी संशयाने पाहायचे.

2015 मध्ये ‘सरल’ आले. प्रत्येक मुलाची माहिती ऑनलाइन, बदलीची विनंती नव्या शाळेने पाठवायची, जुन्या शाळेने मान्य करायची. कल्पना चांगली, कारण दाखल्यासाठी बापाची पाळी बुडणार नव्हती. प्रत्यक्षात सर्व्हर दिवसा चालेना, म्हणून शिक्षक रात्री सायबर कॅफेत बसून रकाने भरू लागले. पुढे केंद्राच्या यू-डायस प्लसवर 2022-23 पासून मुलागणिक नोंद आली, कायम क्रमांक आला, मग ‘अपार’ हा आणखी एक ओळखक्रमांक आला. शाळा सोडून कुठे गेले ते न कळलेले मूल आता ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये जाऊन पडते. नव्या शाळेने उचलून घेतले नाही, तर वर्गात बसलेले मूलही कागदोपत्री शाळाबाह्यच.

आणि आधार. सर्वोच्च न्यायालयाने 26 सप्टेंबर 2018 ला स्पष्ट सांगितले होते की शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही. दारावरची सक्ती गेली खरी, पण संचमान्यतेसाठी, म्हणजे शिक्षकांची पदे मंजूर करताना, आधार जुळलेलीच मुले मोजायची, असे धोरण मागच्या दाराने आले. नाव एका अक्षराने चुकले की मूल अवैध, मुले अवैध ठरली की शिक्षकाचे पद धोक्यात. अशा वेळी मुख्याध्यापकाने प्रवेशाआधीच आधार मागितले, तर मी त्याला फार दोष देणार नाही.

काही पावले उलट दिशेनेही पडली. कोरोनाच्या काळात फी थकली म्हणून खासगी शाळांनी दाखले अडवले, तेव्हा जून 2021 मध्ये सरकारने दाखल्याविना सरकारी आणि अनुदानित शाळांत प्रवेश द्यायला सांगितले. कलम 5 मध्ये हे अकरा वर्षे लिहिलेलेच होते. 2022 पासून ‘पहिले पाऊल’ मेळावे होतात, त्याआधी दाखलपात्र मुलांची यादी अंगणवाडीकडून घेतली जाते आणि शिक्षक घरोघर जातात. शाळा घरी जाते, तेव्हा बरेच कागद आपोआप गळून पडतात.

पण मालेगावच्या कागदांकडे सगळ्या राज्याचे लक्ष गेले ते जानेवारी 2025 मध्ये. उशिरा केलेल्या जन्मनोंदींवरून घुसखोरीचे आरोप झाले, विशेष तपास पथक नेमले गेले, तहसीलदार आणि नायब तहसीलदार निलंबित झाले. खोटा दाखला देणारा आणि घेणारा दोघेही सापडलेच पाहिजेत. मात्र या गदारोळात एका साध्या गोष्टीबद्दल कुणी फारसे बोलले नाही. जन्म घरी झालेल्या, नोंद न केलेल्या पिढीकडे उशिराच्या नोंदीसाठी दाखवायला जो एक जुना कागद असतो, तो बहुधा शाळेचाच असतो. आणि त्यावर असते 1 जून.

आता पुढची पिढी. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशाला जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालेल, अशी दुरुस्ती जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात झाली आहे. वयाची सहा वर्षे 31 डिसेंबरपर्यंत मोजली जातात, तेव्हा या मुलांची पहिली तुकडी जून 2029 मध्ये पहिलीत येईल. शिक्षण हक्क कायद्यातले कलम 14 तेव्हाही असेल, तर दोन्ही नियमांचा मेळ कसा घालायचा हे आजच ठरवता येईल. मालेगावात तर ते फार अवघडही नाही. शहरातल्या जन्मांची नोंद महापालिका करते आणि प्राथमिक शाळाही महापालिका चालवते. जन्मविभागाने दर वर्षी सहा वर्षांच्या मुलांची प्रभागवार यादी शिक्षण विभागाला द्यावी. यादीत आहे त्याच्याकडे दाखला मागू नये. यादीत नाही त्याला आधी वर्गात बसवावे आणि नोंदीचा अर्ज शाळेतच भरून घ्यावा, तोही शक्यतो शुक्रवारी, माग बंद असताना.