"माशा फिरून राहिल्या, काका!"

गेल्या कोजागिरीची गोष्ट. आमच्या दोह्याच्या घरी गच्चीवर दहा-बारा मंडळी जमली होती. दूध आटत होतं, भेंड्या रंगात आल्या होत्या. आमच्याच प्रोजेक्टवरचा एक तरुण इंजिनिअर मात्र कोपऱ्यात एक डोळा झाकून चंद्राकडे बघत बसला होता. मुलगा चंद्रपूरकडचा, वय अठ्ठावीस. "काय रे, चंद्राचा नंबर काढतोस का?" आम्ही गमतीनं विचारलं. तर म्हणाला, "काही नाही जी काका, उजव्या डोळ्यापुढे माशा फिरून राहिल्या. आठ दिवस झाले."

आम्ही पडलो इंजिनिअर, त्यात अमेरिकेहून एम.एस. करून आलेले. सल्ला द्यायला आम्हांला कसली अडचण? "कॉम्प्युटर कमी बघ आणि नंबर तपासून घे," असं सांगून मोकळे झालो. त्यानं चष्म्याच्या दुकानात जाऊन तपासून घेतला. दोन्ही डोळे ६/६! सगळे निर्धास्त. पुढच्याच आठवड्यात भल्या सकाळी त्याचा फोन आला. उजव्या डोळ्यापुढे लाल-काळा पडदा आला होता, हाताची बोटंही मोजता येत नव्हती.

आम्ही त्याला घेऊन रुग्णालयात गेलो. तिथं थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या आणि डॉक्टरांनी बराच वेळ डोळे पाहिले. उजवा डोळा आतून रक्तानं भरला होता. डावा चांगला होता, पण त्याच्याही पडद्याच्या कडेला नको त्या रक्तवाहिन्या उगवलेल्या. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "सिकलसेल आहे का?" मुलगा खाली मान घालून म्हणाला, "आहे जी. एस.एस. आहे." गावी पेटीत लाल कार्ड ठेवलेलं होतं. सांगितलं तर नोकरी जाईल, या भीतीनं इथं कुणालाच बोलला नव्हता. शिवाय सांधेदुखी वर्षातून एखाद्याच वेळी. मग आजार कसला, असं त्याला वाटायचं.

आम्हांला हे सगळं नवीन. सिकलसेल हा आफ्रिकन लोकांचा आजार, एवढंच आमचं ज्ञान. शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली त्याचं पहिलं वर्णन लिहिलं, ते वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडाहून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तावरून. पण भारतात, निलगिरीच्या आदिवासींमध्ये, तो १९५२ सालीच सापडला होता. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट, नंदुरबार या आपल्या भागांत तो घराघरांत ओळखीचा आहे. नागपूरचे संपत रामटेके (पद्मश्री २०१८) आणि पुण्याचे डॉ. सुदाम काटे (पद्मश्री २०१९) यांनी त्यासाठी आयुष्य वेचलं, आणि आम्हां शहरी मंडळींना त्याचा पत्ता नाही!

आता डोळ्याचा आणि याचा संबंध काय? डॉक्टरांनी समजावलं ते आम्ही आमच्या पाइपलाइनच्या भाषेत सांगतो. निरोगी तांबडी पेशी लवचीक असते, बारीक नळीतूनही वाकून निघून जाते. सिकलसेलची पेशी ऑक्सिजन कमी झाला की विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते. ती अडकते कुठे? तर लाइनच्या टोकाला, जिथं नळ्या सगळ्यात बारीक. डोळ्याच्या पडद्याची कड म्हणजे असंच टोक. तिथला पुरवठा बंद पडला की तहानलेला पडदा नव्या वाहिन्या मागवणारं रसायन सोडतो. मग नव्या वाहिन्या उगवतात, पण कच्च्या, गळक्या, पंख्यासारख्या पसरलेल्या. चोरून घेतलेलं नळाचं कनेक्शनच म्हणा ना! 'समुद्रपंखा' असं गोड नाव आहे त्यांना. ताण पडला की त्या फुटतात आणि डोळ्यात रक्त उतरतं. पुढे त्या आक्रसून पडदाच ओढून काढू शकतात. मॉर्टन गोल्डबर्ग या डॉक्टरांनी १९७१ साली याच्या पाच पायऱ्या मांडल्या, आणि पहिल्या तीन पायऱ्यांवर रुग्णाला सहसा काहीच कळत नाही. हे सगळं कडेला चालतं आणि वाचायची नजर मध्यभागी असते. म्हणून दुकानात ६/६!

उपचार आहेत. पंख्याच्या आसपासच्या उपाशी पडद्यावर लेसरचे बारीक डाग देतात. तेवढ्या भागाची ऑक्सिजनची मागणी संपते, रसायन कमी होतं आणि पंखा सुकतो. काही वेळा तो आपोआपही सुकतो, म्हणून लेसर कुणाला द्यायचा ते डॉक्टरच ठरवतात. कधी डोळ्यात इंजेक्शन देतात. रक्त निवळलं नाही किंवा पडदा सुटला तर शस्त्रक्रिया करतात, पण सिकलसेलच्या रुग्णात ती जोखमीची असते. आमच्या मुलाच्या डाव्या डोळ्याला लगेच लेसर दिला. उजव्यातलं रक्त निवळायला दोन महिने गेले, मग त्यालाही दिला. नजर बरीचशी परत आली. पण त्या दोन महिन्यांत त्याच्या आईचा रोज येणारा फोन आमच्या सौ. घ्यायच्या आणि काय सांगावं ते त्यांना सुचत नसे.

एक गंमत सांगतो. कतारला लागून असलेल्या सौदीच्या अल-अहसा भागातला सिकलसेल आणि आपल्या विदर्भातला सिकलसेल एकाच 'अरब-भारतीय' जातीचे आहेत. या जातीत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन मोठेपणीही जास्त राहतं, म्हणून आजार बहुधा सौम्य असतो. सौम्य म्हणून माणूस गाफील राहतो आणि डोळा तेवढ्यात हातचा जातो. हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्यांनी दुखणं खूप कमी होतं, तरी डोळ्यांची तपासणी चुकवता येत नाही.

तर मंडळी, एवढं करा. घरात लाल कार्ड असेल, म्हणजे कुणी एस.एस. असेल, तर वयाच्या दहाव्या वर्षापासून थेंब घालून पडद्याची तपासणी करून घ्या, आणि सगळं ठीक असलं तरी दर एक-दोन वर्षांनी पुन्हा. माशा, कोळिष्टकं, पडदा असं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पिवळं कार्ड असलेल्या वाहकांना सहसा त्रास नसतो. पण शुक्रवारच्या क्रिकेटमध्ये डोळ्यावर चेंडू बसून आत रक्त आलं, तर "मी वाहक आहे" हे डॉक्टरांना आधी सांगा. अशा डोळ्यातला दाब लवकर वाढतो आणि औषधंही जपून द्यावी लागतात. उन्हाळ्यात पाणी भरपूर प्या. लग्न जमवताना पत्रिकेआधी कार्डं बघा. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळाला आजाराची शक्यता चारात एक. कतारमध्ये लग्नाआधीची वैद्यकीय तपासणी सक्तीची आहेच. भारतातही १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आहे, सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट घेऊन.

आणि आमच्यासारख्या साहेबलोकांनी हाताखालच्या पोरांना एवढा विश्वास द्यावा, की आजार सांगितला म्हणून नोकरी जाणार नाही. आमच्या या मुलानं शेवटी ऑफिसात सांगितलं. नोकरी शाबूत आहे. त्याचं लाल कार्ड आता खिशात असतं, आणि पुढच्या तपासणीची तारीख आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर सौ.नी लाल पेनानं लिहून ठेवली आहे.