तबकडीतली खरखर : मळ किती, झीज किती?

जुनी तबकडी लावली की गाण्याच्या आधी खरखर ऐकू येते. अनेक रसिकांना ती जुनेपणाची खूण म्हणून प्रियही असते. पण ही खरखर एकाच प्रकारची नसते. तिच्यातला काही भाग मळाचा, काही झिजेचा, तर काही तबकडीच्या मूळ द्रव्याचा. पहिला धुऊन जातो. उरलेले दोन जात नाहीत. म्हणून तबकडी हाती आली की मी आधी एवढेच पाहतो : ती कशाची आहे?

मिनिटाला ७८ फेरे घेणारी बहुतेक जुनी तबकडी लाखेची. पळस, कुसुम, बोर या झाडांवरच्या किड्यांपासून मिळणारी लाख, तिने बांधलेली दगडाची बारीक पूड आणि रंगासाठी काजळी, असा तिचा घाट. ही पूड पोलादी सुईला घासून खाचेच्या आकाराची करी. त्यामुळे तिची थोडी सळसळ जन्मजातच आहे. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने आणलेली एल. पी. व्हिनाइलची. ती गुळगुळीत, म्हणून शांत. मात्र घर्षणाने तिच्यावर स्थिर वीज साचते, धूळ ओढली जाते आणि बारीक खाचेतला एखादा कणही ‘टक्’ असा वाजतो.

व्हिनाइल धुताना पाण्यात थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते. लाखेच्या तबकडीला ते मुळीच लावू नये. सुतार पॉलिशसाठी चपडा स्पिरिटमध्येच विरघळवतो. तेच स्पिरिट तबकडीवर फिरवले तर मळाबरोबर खाचेची भिंतही, म्हणजे प्रत्यक्ष गाणेच, पुसले जाते.

लाखेसाठी डिस्टिल्ड वॉटर आणि सौम्य, बिनवासाच्या साबणाचे दोन-चार थेंब पुरेत. नळाच्या पाण्यातले क्षार वाळल्यावर खाचेतच उरतात. मधले लेबल कोरडे राखून, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने, गोलाकार फिरवावा. आडवा कधीच नाही. मग साध्या डिस्टिल्ड वॉटरने साबण काढून, मऊ कापडाने टिपून, तबकडी पूर्ण वाळू द्यावी. भिजत ठेवू नये : तडे असतील तर पाणी आत शिरते आणि काही तबकड्यांच्या पोटात कागदाचा थर असतो, तो फुगतो. शेवटी नवे पाकीट. जुन्या पाकिटात, विशेषतः मुंबई-कोकणच्या दमट हवेत, बुरशी दबा धरून असते.

धुतल्यावर जे उरते ती झीज. पोलादी सुई बाहेरून आत येईतो स्वतःही झिजलेली असते. शिवाय आतल्या खाचांत तोच आवाज कमी लांबीत दाटलेला असतो. नेमक्या तिथेच, गाण्याच्या शेवटी, त्या काळचे काही गायक आपले नाव उच्चारत. १९०२ साली फ्रेड गायसबर्गने कलकत्त्यात गौहर जान यांचे मुद्रण केले. तबकड्या तयार होत जर्मनीतल्या हॅनोवरला. तिथे गायक ओळखता यावा म्हणून ही उद्घोषणा. खरखरीत ती हरवली आणि लेबलही फाटलेले असले, तर गाणारी व्यक्ती निनावी होते.

संगणकावर खरखर छाटता येते. पण छाटणी जास्त झाली की तंबोऱ्याची आस आणि स्वराची धारही जाते. म्हणून धुतल्यानंतरचे न छाटलेले मुद्रण मी नेहमी वेगळे राखतो.

मळकट तबकडी ‘एकदा ऐकून तर पाहू’ म्हणून लावणे मात्र टाळावे. सुई धुळीचे कण भिंतीवर रगडते. जो मळ पाच मिनिटांत धुऊन गेला असता, त्याची तेवढ्यात कायमची झीज होते.