व्यसनमुक्ती उपचारातील वास्तव्याचा कालावधी व त्यावर परिणाम करणारे घटक

प्रस्तावना : व्यसनमुक्ती केंद्रातून मुदतीपूर्वी निघून गेलेल्या रुग्णाविषयी 'त्याची इच्छाशक्तीच कमी पडली' असा निष्कर्ष सहज काढला जातो. उपचारातील वास्तव्य हे रुग्णाच्या निर्धाराइतकेच उपचाराच्या रचनेवर व घरच्या परिस्थितीवर अवलंबून असते, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन केले आहे.

कालावधीचे महत्त्व : अमेरिकेत १९६९ ते १९७३ या काळात उपचारास आलेल्या रुग्णांचा डी. ड्वेन सिम्पसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ अभ्यास केला. तीन महिन्यांहून कमी काळ उपचारात राहिलेल्यांना झालेला लाभ अल्प होता. पुढे काळ वाढेल तसा लाभ वाढत गेला. अर्थात, जे टिकतात ते मुळातच अधिक तयारीने आलेले असण्याची शक्यता असल्याने या आकड्यास मंत्राचे स्वरूप देऊ नये.

उपचार सोडण्याची कारणे : ही कारणे काळानुसार बदलतात. मद्य थांबविल्यानंतर पहिल्याच दिवशी हात थरथरणे, निद्रानाश सुरू होतो; दोन-तीन दिवसांनी काहींना भास होतात. गर्दच्या रुग्णांची 'टर्की'ही याच सुमारास तीव्र असते. या टप्प्यावर रुग्णाला उपदेशाची नव्हे, योग्य औषधांची गरज असते. त्यानंतरची गळती मात्र वेगळी आहे. भूक लागते, झोप येते आणि 'आता मी बरा झालो' असे रुग्णास वाटू लागते. त्याच वेळी घरून निरोप येतो : पेरणी खोळंबली, हप्ता थकला. रोजंदारीवरील माणसाच्या दृष्टीने महिनाभराचा उपचार म्हणजे महिनाभराची बुडालेली मजुरी होय. हा भार बहुधा पत्नीच उचलते. स्त्री-रुग्णाच्या बाबतीत तर मुलांना कोणाकडे ठेवावे, हा प्रश्न दाखल होण्यापूर्वीच उभा राहतो.

कुलूप लावून मुक्काम वाढविणे हा यावरील उपाय नव्हे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार स्वेच्छेने दाखल झालेल्या प्रौढ रुग्णास घरी जाण्याची मागणी करण्याचा अधिकार आहे. सक्तीने भरलेले दिवस नोंदवहीत दिसतात, उपचारात दिसतीलच असे नाही. समुपदेशकाशी पहिल्या आठवड्यात जुळलेले नाते येथे अधिक उपयोगी पडते.

पाठपुरावा : डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेले 'मुक्तांगण' पस्तीस दिवसांच्या निवासी उपचारासाठी परिचित आहे. तेथे कुटुंबीयांचा सहभाग व नंतरचा पाठपुरावा यांस उपचाराचाच भाग मानले जाते. पस्तीस दिवसांच्या वास्तव्यात तीन महिन्यांचे माप पूर्ण होत नाही. ते पाठपुराव्यानेच गाठता येते. म्हणून वास्तव्याची गणना निवासी मुदतीपाशी न थांबविता अखेरच्या पाठपुरावा भेटीपर्यंत करावी, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते.

२०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षण अहवालानुसार मद्याच्या आहारी गेलेल्या ३८ व्यक्तींपैकी एकीलाच काही उपचार मिळाल्याचे आढळले. अशा एखाद्याने तालुक्याच्या गावाहून दर महिन्यास भेटीसाठी यावयाचे, तर एस.टी.चे भाडे आणि एका दिवसाची रजा या दोन्हींची तरतूद उपचार-आराखड्यात पहिल्या दिवसापासून असावी लागते.