रंग मेंढीचा, कष्ट बाईचे

‘भिजत घोंगडे’ हा शब्द आपल्या तोंडात सारखा असतो. पण खरीखुरी, हातमागावरची घोंगडी आता किती जणींच्या घरात आहे? माळ्यावर सासऱ्यांच्या वेळची एखादी निघते आणि “टोचते बाई, देऊन टाका कुणाला तरी” म्हणून दिवाळीच्या आवराआवरीत बाहेर जाते. मैत्रिणींनो, देण्याआधी ती एकदा उजेडात पसरून नीट पाहा.

न रंगवलेले रंग

काळा, पांढरा, तपकिरी, करडा. घोंगडीचे रंग मोजून एवढेच. पण त्यासाठी कुठे हंडा उकळावा लागत नाही. दख्खनी मेंढीच्या अंगावरचा तोच घोंगडीचा रंग! म्हणूनच तो शेजारच्या कपड्याला लागत नाही. काळ्या अंगावर पांढऱ्या रेघा आणि कडेचे पट्टे, एवढीच नक्षी. कोकराची पहिली लोकर मऊ. तिची ती जावळाची घोंगडी.

सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर भागांत धनगर मेंढ्या पाळतात, सनगर विणतात. मागावर बहुधा पुरुष बसतो; पण लोकर निवडणे, पिंजणे, कातणे यांत बायकांचे हात. चूल आणि लेकरे सांभाळून तासन् तास सूत काढायचे, मग त्याला चिंचोक्यांची खळ द्यायची. नवी घोंगडी कडक लागते ती या खळीमुळे. वापराने ती मऊ पडते.

दूर देशीच्या सासवा-सुना

अझरबैजानातही मेंढीच्या लोकरीचे, गाठी न मारता विणलेले किलीम असतात. तिथे मात्र रंगांची चंगळ! मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांचा लाल रंग तर खासच. एका रंगाचा धागा जिथे संपतो तिथूनच मागे वळवायचा, म्हणून नक्षी पायऱ्यापायऱ्यांची, कोनाकोनांची दिसते. हिवाळ्यात घरच्या बायका विणायला बसतात, सून सासूला हात लावते. २०१० साली युनेस्कोने तिथल्या गालिचा-कलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान दिला. आपल्याकडे मात्र कातणारीचे नावही कुणी विचारत नाही.

हल्ली मेंढी पाळतात ती मटणासाठी. जाड्याभरड्या लोकरीला भाव नाही, कातरण्याची मजुरीही सुटत नाही, म्हणून ती कित्येकदा फेकून दिली जाते. मग कातणार कोण?

घेताना आणि वापरताना

● कडेचा एक धागा काढून जपून जाळा. केस जळल्याचा वास आला आणि बोटाने चुरा झाला, तर लोकर. वितळून कडक गोळी झाली, तर कृत्रिम धागा.

● सारखी धुऊ नका. झटका आणि ऊन द्या. धुवायचीच तर थंड पाण्यात, सौम्य साबणाने. पिळू नका, सपाट पसरून वाळवा. पावसाळ्यात धुतलीत तर खरेच भिजत घोंगडे होईल!

● मोरा-उरणसारख्या दमट, खाऱ्या हवेत कसर लवकर लागते. सुका कडुनिंब घालून सुती कापडात बांधा, प्लॅस्टिकमध्ये नको.

● टोचत असेल तर वर सुती चादर घाला, किंवा खाली अंथरा.

आणि घासाघीस करताना एवढे आठवा, बरं का: त्या किमतीत कुणा बाईचे कातणेही आहे.