पहिली मॅच हरली की वर्ष गेलं? कॉलेजच्या मुलींच्या सॉफ्टबॉलचा मोसम समजून घ्या

सोयाबीनची सोंगणी उरकत आलेली, कापूस फुटलेला, वेचायला बाया मिळत नाहीत आणि नेमका त्याच वेळी कॉलेजातून फोन येतो. तुमच्या मुलीची सॉफ्टबॉलची मॅच आहे, परवा पहाटेच निघायचं आहे. मग घरात कुरबुर सुरू होते. वडील म्हणतात, एक मॅच नाही खेळली तर काय आभाळ कोसळणार आहे? ही नाही तर पुढची खेळेल.

इथंच गैरसमज होतो. कॉलेजच्या सॉफ्टबॉलमध्ये 'पुढची' मॅच मिळेलच असं नसतं. आपल्याकडे बहुतेक संघांसाठी मोसमातले पहिले एक-दोन सामने हाच सगळा मोसम असतो. त्यामुळे हे सामने कसे ठरतात, कोण कोणाशी खेळतं आणि हरल्यावर काय उरतं, हे मुलीइतकंच घरच्यांनाही माहीत असलेलं बरं.

आधी एक घोळ मिटवू. तालुक्याच्या गावी ज्युनिअर आणि सिनिअर कॉलेज एकाच आवारात असतं, मैदान एकच, बऱ्याचदा शिकवणारे सरही एकच. पण अकरावी-बारावीच्या मुली विद्यापीठाच्या स्पर्धेत खेळत नाहीत. त्यांच्यासाठी क्रीडा खात्याच्या शालेय स्पर्धा असतात, १९ वर्षांखालील गट. त्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होतात. जिल्हा, मग विभाग, मग राज्य अशा त्या पायऱ्या आहेत. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या मुली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा खेळतात आणि त्या विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडून ठरतात. विद्यापीठाचा पसारा मोठा असला तर आधी झोनचे सामने, मग झोनमध्ये जिंकलेल्यांचे आपसात सामने. वेळापत्रक साधारण ऑगस्ट-सप्टेंबरपासून सुरू होऊन हिवाळ्यापर्यंत चालतं. म्हणजे खरीप घरात येण्याचे दिवस आणि पोरींच्या मॅचचे दिवस एकच. याला इलाज नाही.

तक्ता कसा वाचायचा

स्पर्धेआधी सामन्यांचा तक्ता, म्हणजे ड्रॉ, निघतो. आजकाल तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. बहुतेक ठिकाणी पद्धत बाद फेरीची असते. हरला तो घरी, जिंकला तो पुढं. समजा झोनमध्ये ११ संघ आहेत. तक्ता १६ घरांचा धरतात, म्हणून १६ वजा ११, असे ५ संघ पहिला सामना न खेळताच दुसऱ्या फेरीत जातात. याला 'बाय' म्हणतात. उरलेल्या ६ संघांचे ३ सामने होतात, त्यातले ३ विजेते आणि बायवाले ५, असे ८ संघ पुढच्या फेरीत. तिथून उपांत्यपूर्व, उपांत्य, अंतिम. ज्याला बाय नाही त्याला झोन जिंकायला ४ सामने, ज्याला बाय आहे त्याला ३. काही ठिकाणी शेवटच्या चार संघांची साखळी घेतात, म्हणजे प्रत्येक जण प्रत्येकाशी खेळतो. पण तिथंपर्यंत पोचायला आधी जिंकावंच लागतं.

बाय मिळाली की पोरी खूश होतात. खरं तर नवख्या संघाला बाय फार उपयोगाची नसते. समोरचा संघ एक सामना खेळून, अंग मोकळं करून, मैदानाचा अंदाज घेऊन आलेला असतो आणि आपल्या पोरी थंड हातानं थेट त्याच्यापुढं उभ्या राहतात.

आणखी एक गोष्ट खेड्यातल्या संघांच्या बाबतीतच जास्त होते. सामन्याची वेळ सकाळी ९ ची, मुक्कामी एसटी उशिरा सुटली, संघ वेळेत पोचला नाही, की समोरच्याला 'पुढे चाल'. बॅट न उचलता मोसम संपला. म्हणून सर जेव्हा आदल्या दिवशी जायचं म्हणतात, तेव्हा त्याला फिरायला जाणं समजू नये.

सामना हातचा कसा जातो

ज्याला क्रिकेट कळतं त्याला हा खेळ दहा मिनिटांत कळतो. मैदानावर चार बेस चौकोनात असतात, एका बेसपासून दुसरा ६० फुटांवर. क्षेत्ररक्षणाला ९ जणी. पिचर चेंडू खालून हात फिरवून टाकते, टप्पा पडू द्यायचा नाही. मुलींच्या खेळात पिचर आणि बॅटिंग करणारी यांच्यात ४३ फूट अंतर असतं. चेंडू ताशी ९५ किलोमीटर वेगानं आला तर तो साधारण अर्ध्या सेकंदात पोचतो. चेंडूचा घेर १२ इंच, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा बराच मोठा. नावात 'सॉफ्ट' असलं तरी तो मऊ नसतो, लागला तर चांगलाच लागतो. बॅटला आपल्याकडचे खेळाडू स्लगर म्हणतात. चेंडू मारला की पळायचं. पहिला, दुसरा, तिसरा बेस करून होमवर परत आलं की एक रन. तीन खेळाडू आउट झाल्या की दुसऱ्या संघाची पाळी. असे ७ डाव. बरोबरी राहिली तर जादा डावात दुसऱ्या बेसवर आपलीच एक खेळाडू आधी उभी करून खेळ सुरू करतात, म्हणजे निकाल लवकर लागतो.

आपल्याकडच्या बातम्यांत 'अमुक संघ ५ होमरनने विजयी' असं छापून येतं. त्यावरून वाटतं पोरींनी पाच षटकार ठोकले. तसं नसतं. तिथं होमरन म्हणजे साधी रन एवढंच म्हणायचं असतं. खरी होमरन म्हणजे एकाच फटक्यावर चारही बेस पूर्ण होणं, आणि ती कॉलेजच्या सामन्यात क्वचितच पाहायला मिळते.

मग सुरुवातीचे सामने जातात कशानं? फटक्यांनी कमी, फुकटच्या बेसनं जास्त. पिचरचे चार चेंडू बाहेर गेले की समोरच्या मुलीला पहिला बेस फुकट मिळतो. सलग तिघींना असा बेस दिला की तिन्ही बेस भरले. चौथीलाही दिला तर तिसऱ्या बेसवरची आपोआप होमवर येते. कुणी स्लगर फिरवलेलीही नाही आणि रन चढली. त्यात क्षेत्ररक्षण करणारीनं घाईत चेंडू पहिल्या बेसच्या डोक्यावरून फेकला की आणखी दोन. पहिल्या सामन्यात, पहिल्या डावात, घाबरलेल्या पोरींकडून हेच होतं. एका डावात सहा-सात रन जातात, आणि ५ डावांनंतर ७ किंवा त्याहून जास्त रनची आघाडी असली की पंच सामना तिथंच थांबवतात. सातव्या डावापर्यंत सावरायला वेळच मिळत नाही.

म्हणून बातमीत किंवा ग्रुपवर निकाल आला तर नुसतं जिंकलं-हरलं पाहू नका. १२-९ असा निकाल असेल तर दोन्हीकडच्या पिचरनं फुकट बेस वाटलेत असं समजा. असा संघ जिंकून पुढं गेला तरी पुढच्या सामन्यात टिकणं अवघड. २-१ ने हरलेला संघ त्यापेक्षा चांगला असू शकतो. पुढच्या सामन्याचा अंदाज घ्यायचा तर एवढंच विचारा की पिचरनं किती जणींना फुकट बेस दिला, आणि काल ती किती डाव टाकून आली आहे.

हा दुसरा प्रश्न आपल्याकडे कुणी विचारतच नाही. स्पर्धा एक-दोन दिवसांत उरकायची असते, त्यामुळे एका दिवसात दोन-तीन सामने होतात आणि संघात नीट टाकणारी एकच मुलगी असते. सकाळी ती भारी असते, दुपारी खांदा उतरतो, संध्याकाळी चेंडू कुठंही जायला लागतो. खालून टाकायचं असतं म्हणून हाताला त्रास नाही, ही समजूत चुकीची आहे. मोठ्या ठिकाणीसुद्धा हे चुकत नाही. अमेरिकेत २०२५ च्या अंतिम लढतीत टेक्सास टेक विद्यापीठाची पिचर निजारी कॅनडी होती. त्या मोसमासाठी तिला १० लाख डॉलरहून जास्त रकमेचा करार मिळाला होता, तिकडच्या कॉलेज सॉफ्टबॉलमध्ये त्याची मोठी चर्चा झाली. आधीच्या सामन्यांचा भार तिनंच वाहिला आणि निर्णायक तिसऱ्या सामन्यात पहिल्याच डावात ५ रन गेल्या. टेक्सास विद्यापीठ १०-४ ने जिंकलं, ते त्यांचं पहिलं विजेतेपद. एवढ्या महागड्या पिचरचं असं होतं, तर आपल्या पोरींकडून दिवसाला तीन सामने टाकून घेणं कितपत बरोबर, हे कॉलेजांनी बघावं. दुसरी पिचर जून-जुलैपासूनच तयार करावी लागते, ड्रॉ लागल्यावर नाही.

अमेरिकेचं नाव निघालंच आहे तर फरक पाहा. तिकडं कॉलेजचा मोसम फेब्रुवारीच्या सुरुवातीला सुरू होतो आणि एका संघाला पन्नासहून जास्त सामने खेळता येतात. पहिले काही आठवडे शनिवार-रविवार धरून लांबच्या संघांशी सामने, मार्चच्या सुमारास आपल्या गटातले सामने. शेवटी ६४ संघांची स्पर्धा, आणि तिथंही सुरुवातीच्या फेरीत एकदा हरून चालतं, दोनदा हरल्यावर बाहेर. शेवटचे ८ संघ ओक्लाहोमा सिटीत खेळतात. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधलं सॉफ्टबॉलही त्याच शहरात होणार आहे. तिकडचा प्रशिक्षक फेब्रुवारीत नव्या मुलीला पिचिंग देऊन बघू शकतो, सामना हरला तर हरला. आपल्याकडच्या सरांना ती मुभा नाही. त्यामुळे नवी मुलगी बाकावरच बसते आणि पुढच्या वर्षी पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो. यावर स्वस्तातला उपाय म्हणजे शेजारच्या दोन-तीन कॉलेजांनी ड्रॉ निघायच्या आधी आपसात सराव सामने ठेवणं. खर्च फक्त एसटीच्या भाड्याचा, आणि महिलांना एसटीत मार्च २०२३ पासून अर्धंच तिकीट आहे.

संघ हरला तरी मुलगी हरत नाही

ही गोष्ट घरी कळत नाही आणि कॉलेजातूनही नीट सांगितली जात नाही. विद्यापीठाचा संघ निवडताना फक्त विजेत्या कॉलेजच्या मुली घेत नाहीत. निवड चाचणी असते, आणि लवकर बाद झालेल्या संघातली चांगली कॅचर किंवा पिचर तिथं उचलली जाऊ शकते. विद्यापीठाच्या संघात आली की ती भारतीय विश्वविद्यालय संघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाते. विदर्भात अशा खेळाडूला मिळणाऱ्या कलर कोटचा मान गावातही असतो. पण निवड समिती पाहणार कशी? मुलगी झोनच्या सामन्यात मैदानावर दिसली तर. वेचणीसाठी घरी थांबलेली मुलगी तिथं कुणाला दिसत नाही.

दुसरी वाट जिल्हा संघटनेची आहे. संघटनेच्या चाचणीतून जिल्हा, तिथून राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धा. जळगाव, अमरावती, पुणे ही नावं राज्यातल्या सॉफ्टबॉलच्या बातम्यांत सारखी दिसतात आणि या खेळातल्या खेळाडूंना शिवछत्रपती पुरस्कारही मिळालेले आहेत.

आता प्रमाणपत्राचं. दहावी-बारावीच्या खेळाडूंना बोर्डाच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात, ते स्पर्धेच्या पातळीप्रमाणे कमी-जास्त असतात. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. मात्र खेळलं की नोकरी, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. कोणत्या पातळीवर कितवा क्रमांक आला, यावर पात्रता ठरते आणि क्रीडा खात्याकडून प्रमाणपत्राची पडताळणी होते. बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणं उघडकीला आल्यापासून ती कडक झाली आहे. तालुक्याच्या एका सामन्याच्या प्रमाणपत्रावर काही होत नाही. पण वरची प्रत्येक पायरी त्या सामन्यातूनच जाते.

कागदपत्रांत मात्र सगळ्यात जास्त पोरी अडकतात. पात्रता अर्जाला दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, चालू वर्षाच्या प्रवेशाची पावती, आधार, फोटो आणि प्राचार्यांची सही लागते. गुणपत्रिकेवर नाव एक आणि आधारवर दुसरं, आईचं नाव कुठं आहे कुठं नाही, जन्मतारखेत फरक, हे सामन्याच्या सकाळी लक्षात आलं तर त्या मुलीला बाहेर बसावं लागतं. संघात जेमतेम दहा-अकरा मुली असतील आणि त्यातल्या दोघी-तिघी अशा अडकल्या, तर नऊ जणीसुद्धा भरत नाहीत.

तेव्हा फोन येईल तेव्हा नाही म्हणायच्या आधी चार गोष्टी विचारून घ्या. सामना किती वाजता आणि कुठं आहे, सोबत कोणत्या मॅडम आहेत, मुक्काम कुठं आहे, प्रवासाचा आणि जेवणाचा खर्च कॉलेज देणार की आधी स्वतःचा करून नंतर मिळणार. परीक्षेची तारीख आडवी येत असेल तर अर्ज सामन्याआधीच कॉलेजात द्यायला सांगा. बॅगेत मूळ आधार, ओळखपत्र आणि गुणपत्रिकेची झेरॉक्स ठेवली का, तेवढं रात्रीच बघा. पहाटेच्या गाडीच्या घाईत राहतं ते नेमकं तेच.