कणगीची राखण आणि मांजराचे पोट

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणाऱ्या आंबेनळी घाटाच्या पायथ्याचा मुलूख भातशेतीचा. कणगीतल्या धान्याची उंदरांपासून राखण करते ते मांजर; पण २०१९ च्या पशुगणनेत गाय, म्हैस, शेळी, इतकेच नव्हे तर कुत्राही मोजला गेला, मांजर मात्र नाही. ज्याची गणनाच नाही, त्याच्या औषधपाण्याची तरतूद कोण करणार? जुलै २०२१ मध्ये दरडी कोसळून हा घाट बंद पडला होता. तशा दिवसांत तर उपचाराचा सारा भार घरावरच येतो.

आणि घर पहिले काय करते? ढाळ लागलेल्या मांजरापुढे दुधाची बशी सरकवते! मायेपोटी केलेला हा उपाय बहुधा अपायच ठरतो. मोठ्या वयाच्या पुष्कळ मांजरांना दुधातील शर्करा पचत नाही. ती आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. दूध बंद करून स्वच्छ पाणी सतत पुढे ठेवावे. मीठ-मसाला व कांदा-लसूण न घालता उकडलेले कोंबडीचे मांस, हाडे काढून, थोडेथोडे द्यावे. पॅरासिटामॉलची गोळी मांजराला प्राणघातक आहे. तिचा तुकडाही देऊ नये. शौचातून रक्त पडले, उलट्या थांबेनात किंवा दिवसभर अन्न सुटले, तर पशुवैद्य गाठलाच पाहिजे. पिलाच्या बाबतीत तेवढीही वाट पाहू नये. त्याच्या अंगातले पाणी फार लवकर आटते.