अर्धे चामडे, पण पुरते टिकाऊ

बूट, पाकीट, हातमोजे ज्या चामड्याचे होतात, ते कारखान्यातील एका टप्प्यावर बहुधा ओले आणि फिकट निळे असते. या अर्धप्रक्रियित चामड्याला व्यापारात ‘वेट ब्लू’ म्हणतात. त्याला अर्धे म्हटले, तरी मुख्य काम तोवर उरकलेले असते. ते कोणते?

कच्चे कातडे लवकर सडते, कारण त्यातील कोलॅजन या प्रथिनाचे तंतू जिवाणूंचे खाद्य असतात. मीठ लावल्यास सडणे थांबते. पण मीठ धुतले गेले की पुन्हा सुरू होते. म्हणून चुन्यात ठेवून, केस काढून कातडे ‘कमावतात’, म्हणजे तंतू एकमेकांना रासायनिक बंधांनी जखडतात. क्रोमियमच्या क्षारांनी कमावल्यास वेट ब्लू मिळते. ते रंगवून, तेल मुरवून वाळवले की ‘क्रस्ट’ तयार होते. त्यावर शेवटचा लेप आणि चकाकी द्यायची तेवढी बाकी राहते.

बाभळीची साल व हिरडा यांतील टॅनिननेही कातडे कमावता येते. हे तपकिरी चामडे घट्ट असते आणि दिलेला आकार धरून ठेवते, म्हणून ते कोल्हापुरी चपला, पट्टे व खोगिरे यांना चालते. क्रोमचे चामडे मऊ असते. ते बुटाच्या वरच्या भागाला व हातमोज्यांना सोयीचे.

दोहोंतला फरक वर्गात दाखवता येईल. चपला दुरुस्त करणाऱ्याकडून दोन्ही प्रकारचे तुकडे आणा. त्यांची बाह्यरेषा कागदावर काढून घ्या आणि तुकडे शिक्षकांनी स्वतः मिनिटभर उकळत्या पाण्यात धरावेत. टॅनिनचा तुकडा आक्रसतो. क्रोमचा जवळपास तसाच राहतो. क्रोमचे बंध उष्णतेला अधिक दाद देत नाहीत, हे यावरून कळते. तुकडे जाळू मात्र नयेत. त्यातून क्रोमियमचे विषारी रूप तयार होऊ शकते.

आता व्यापाराकडे वळू. सर्वाधिक घाण पाणी कातडे कमावेपर्यंतच्या टप्प्यांत निघते, तर किंमत वाढते ती पुढच्या टप्प्यांत. अर्धे चामडे परदेशी पाठवले, तर घाण इथे राहते आणि पुढची कमाई बाहेर जाते. म्हणूनच सीतारामय्या समितीच्या शिफारशींनंतर १९७३ मध्ये भारताने अशा निर्यातीवर मर्यादा घातली. २०२५ च्या अर्थसंकल्पात मात्र क्रस्टवरील २० टक्के निर्यातशुल्क आणि वेट ब्लूवरील आयातशुल्क काढण्यात आले. यात छोट्या कारखानदाराचा, कारागिराचा आणि नदीकाठच्या गावाचा फायदा-तोटा कोणता? विद्यार्थ्यांनी तिघांच्याही बाजूने विचार करून पाहावा.